पिकअपच्या मागून येणारा आवाज: हौसिंग खोलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं वापरलेली पिकअप, पहाटे वाशीच्या एपीएमसीतून भाजी भरून ठाण्याला येता, दुपारी रिकामी गाडी परत नेता. रिकामी असताना मागे खडखड होते, पन्नासच्या पुढे ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज येतो आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडताना एकदा ‘टक’ वाजतं. मेकॅनिकने एक चक्कर मारून ‘क्राऊन-पिनियन गेलं’, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधली दातांच्या चाकांची जोडी गेली, असं सांगितलंय. त्या जोडीवरचं हौसिंग (लोखंडी घर) खोलू का, असं तुम्ही विचारताय.

इतक्यात खोलू नका. तुम्ही ‘एक आवाज’ म्हणताय, पण वर्णन तीन आवाजांचं केलंय आणि तिन्हींचं कारण एकच असेल याची खात्री नाही. क्राऊन-पिनियनवर संशय घ्यावा असा त्यातला फक्त घुमण्याचा आवाज आहे, आणि तसा आवाज करणाऱ्या आणखी दोन स्वस्त गोष्टी गाडीत आहेत. खडखड तर डिफरन्शियलमधून येत नाहीच म्हटलं तरी चालेल.

काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत आणि मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग (गाडीचं वजन चाक फिरवणाऱ्या हाफ शाफ्टवर न येता ॲक्सलच्या नळीवर येतं तो) आहे का, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) एक तुकड्याचा की मधे सेंटर बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा, शॅकलच्या (मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) पिनांना ग्रीस निपल आहेत की रबरी बुश, यानुसार तपासणीत थोडा फरक पडेल. जिथे पडतो तिथे सांगतो. तपासणीचा क्रम मात्र सगळ्या पिकअपना सारखाच.

मागचा आवाज नेमका कुठून येतो हे केबिनमध्ये बसून कानाने ठरवायला जाऊ नका. रिकामा हौदा म्हणजे पत्र्याचा ढोल. डाव्या चाकातला आवाज चेसिसमधून फिरून उजव्या कोपऱ्यात ऐकू येतो. क्लीनरला चालत्या गाडीत हौद्यात बसवून पत्र्याला कान लावायला सांगण्याची पद्धत अजून सर्रास आहे. ती धोक्याची आहे आणि तिचा उपयोगही नाही. आवाज कशाबरोबर बदलतो हे पाहायचं: वेगाबरोबर, इंजिनाच्या रेसबरोबर, ॲक्सिलरेटरवरच्या पायाबरोबर, वळणाबरोबर, ब्रेकबरोबर की हौद्यातल्या वजनाबरोबर. सहाचीही उत्तरं वहीत लिहिलीत की निम्मं निदान झालं.

आधी खडखड, कारण तिच्यावर खर्च नाही. हौदा पूर्ण रिकामा करा. जॅक, टॉमी, साखळ्या, ताडपत्रीचे हूक, सगळं काढून केबिनमध्ये ठेवा. फाळक्याच्या बिजागऱ्यांत आणि कड्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बसवा. मग खाली वाका. स्टेपनी चेसिसखाली साखळीवर टांगलेली असेल तर ती मुठीने जोरात हलवा; पंक्चरवाल्याने घाईत वर घेतलेली स्टेपनी अर्धा इंच सैल राहिली तरी प्रत्येक खड्ड्याला आपटते. सायलेन्सरचे रबरी हँगर आणि हीट शील्डचा पत्रा मुठीने ठोकून पाहा, गार असताना. शेवटी हौदा चेसिसला धरून ठेवणारे यू-बोल्ट आणि त्यांच्याखालच्या लाकडी किंवा रबरी पट्ट्या बघा. पट्टी झिजली की बोल्ट आवळलेला दिसूनही हौदा तिथे नाचतो. चेसिसवर लोखंड घासून चकाकलेला डाग दिसला की जागा सापडली.

एवढं करून खडखड राहिली तर संशय शॉकअप आणि पाट्यांवर. तुमचं वर्णन ‘रिकामी असताना वाजते, भरली की गप्प’ असं आहे. पाटे भरलेल्या वजनासाठी कडक केलेले असतात. रिकाम्या गाडीत ते फारसे वाकत नाहीत, ॲक्सल उडतो, आणि शॉकअपच्या डोळ्यातला झिजलेला बुश दोन्ही दिशांना आपटतो. माल भरला की पाटे एका बाजूला दाबून बसतात आणि आवाज बंद होतो. खात्री करायला शॉकअपचे खालचे बोल्ट काढून दोन्ही शॉकअप बाजूला बांधा आणि गल्लीतल्या गल्लीत वीसच्या आत एक चक्कर मारा. खडखड थांबली तर शॉकअप किंवा त्यांचे बुश. असे सुटे शॉकअप ठेवून मोठ्या रस्त्यावर जाऊ नका.

पाट्यांकडे थोडा जास्त वेळ द्या. इथे आवाजापेक्षा मोठा प्रश्न लपलेला असतो. पाट्यांचा गठ्ठा ॲक्सलवर दोन यू-बोल्टांनी बांधलेला असतो आणि गठ्ठ्याच्या मधून सेंटर बोल्ट जातो. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, म्हणून ॲक्सल पुढे-मागे सरकत नाही. यू-बोल्ट सैल झाले की सगळा झटका या बारक्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग ब्रेक लावताना आणि गाडी सोडताना ॲक्सल पाट्याखाली सरकतो, ‘ठक्’ असा जड आवाज येतो आणि गाडी किंचित तिरपी चालते.

तपासायची रीत सोपी आहे. तारेच्या ब्रशने यू-बोल्टचे नट आणि खालची प्लेट साफ करा आणि नटावरून प्लेटवर एक सलग पांढरी रेघ ओढा, ऑइल पेंटची. दुसरी रेघ पाट्यांच्या कडेवरून ॲक्सलच्या बैठकीवर. दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. रेघ तुटली तर काहीतरी सरकतंय. नटाभोवती तांबडी गंजाची पूड ओघळलेली दिसली तर रेघेचीही गरज नाही, तिथे लोखंड लोखंडावर हलतंय. सोबत टेपने दोन्ही बाजूंनी पुढच्या हबच्या (चाक बसतं त्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन बाजूंत पाच मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर सेंटर बोल्ट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुटलेला पाटा शोधताना लोक टोकांकडे बघतात. तो बहुधा सेंटर बोल्टच्या भोकातून तुटतो, कारण भोकामुळे पाटा तिथे कमजोर झालेला असतो, आणि ती जागा यू-बोल्टच्या प्लेटखाली झाकलेली असते. दोन्ही बाजूंचे पाटे शेजारी शेजारी मोजा: सपाट जागेवर रिकामी गाडी, चेसिसपासून ॲक्सलपर्यंतची उंची. एक बाजू बसलेली असेल तर त्या बाजूचा गठ्ठा उतरवा. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तेच वापरू नका, नवे घाला. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत, चाकं जमिनीवर असताना, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. नवा पाटा आणि नवा यू-बोल्ट दोन्ही बसतात, म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावा. ही दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात आणि मग ‘नवे पाटे टाकले तरी आवाज येतो’ म्हणून परत येतात.

शॅकलच्या बुशांसाठी टॉमी मेन पाट्याच्या डोळ्याजवळ अडकवून वर-खाली उचका. रबर असेल तर ते थोडं दबेल. पिन भोकात मोकळी हलताना दिसली तर बुश संपला. ग्रीस निपलवाल्या पिना असतील तर जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. रबरी बुश असतील तर त्यांना ग्रीस किंवा जळकं तेल अजिबात लावू नका. रबर फुगतं आणि दोन महिन्यांत चिंध्या होतात. आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये हटकून चुकते: रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर, पाटे लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मग आवळायचे.

गतिरोधकावर ‘करकर’ येत असेल तर बाटलीभर पाणी पाट्यांच्या टोकांवर ओता. आवाज काही मिनिटं गेला आणि परत आला तर पाटे एकमेकांवर घासताहेत. तो त्रासदायक असतो, धोक्याचा नाही.

आता घुमणारा आवाज. यासाठी चाचणी रस्त्यावर करायची. रविवारी रबाळे किंवा महापे एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, तिथे गाडी रिकामी घेऊन जा आणि शेजारी लिहून घेणारा माणूस बसवा. पन्नास-साठचा वेग लागेल तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर या. बाजारातून परतताना, डोक्यात भाव-तोल चालू असताना ही चाचणी होत नाही.

पहिली चाचणी गिअरची. ताशी पन्नासला चौथ्यात चालवा, आवाज ऐका, मग त्याच पन्नासला तिसऱ्यात. इंजिनाची रेस वाढल्याबरोबर आवाजाचा सूर चढला तर कारण इंजिन, गिअरबॉक्स किंवा सायलेन्सर. सूर तसाच राहिला तर प्रोपेलर शाफ्टपासून मागे कुठेतरी.

दुसरी न्यूट्रलची. सरळ, सपाट, मोकळ्या पट्ट्यात साठवरून न्यूट्रल करा. चावी बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते. उतारावरही हा प्रयोग करायचा नाही. न्यूट्रलमध्ये घुमणं जसंच्या तसं राहिलं आणि फक्त वेगाबरोबर हळूहळू उतरलं, तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. रेस दिल्यावर एक सूर, पाय सोडला की दुसरा, न्यूट्रलमध्ये गायब, असं झालं तर दात वाजताहेत, म्हणजे क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. इथे तुमच्या मेकॅनिकची गफलत झाली असावी असं वाटतं. तुम्ही लिहिलंय, ‘पाय काढला की आवाज कमी होतो’. कमी होणं आणि बदलणं यांत फरक आहे. पाय काढला की वेगही कमी होतो आणि त्याबरोबर टायरचा आवाजही. दातांचा आवाज शिट्टीसारखा एका सुरात असतो आणि ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच, समजा पंचावन्न ते पासष्ट, चढतो. टायर आणि बेअरिंगचा आवाज घरघरता, पन्नासला सुरू झाला की पुढे वाढतच जातो.

तिसरी रस्त्याची. सायन-पनवेल महामार्गावर काँक्रीट संपून डांबर लागतं तिथे कान द्या. पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर टायर. हाताचा तळवा टायरच्या नक्षीवरून पुढे फिरवा, मग मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर खाल्ला गेलाय. मागचे टायर पुढच्या मापाचे असतील तर जोडी अदलाबदल करून चालवा. आवाज पुढे आला की विषय मिटला. मेलेला शॉकअप टायरला असे खळगे पाडतो, म्हणजे तुमची खडखड आणि घुमणं एकाच कारणाचे दोन टप्पे असण्याचीही शक्यता आहे.

चौथी वळणाची. एमआयडीसीच्या रुंद मोकळ्या रस्त्यावर चाळीसला गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर आधी उजव्या मागच्या बेअरिंगवर संशय घ्या.

हळू चालताना ठरावीक अंतराने ‘टिक टिक’ येत असेल तर मोजा. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे ताशी आठ किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरा घेतं. सेकंदाला एक ठोका येत असेल तर तो चाकाचा: खाचेत अडकलेला दगड, ड्रम किंवा चाकाचा सैल नट. त्याच वेगाला सेकंदाला चारच्या आसपास ठोके पडले तर तो शाफ्टचा, कारण प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो. नेमकं प्रमाण तुमच्या ॲक्सलच्या रेशोवर. तुमच्या टायरचं माप वेगळं असेल तर आकडा थोडा सरकेल, हिशेब तोच.

रस्त्यावरून काय संशय आला ते आता जॅकवर पक्कं करा. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो आणि तीच चाकं तुम्ही उचलणार, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. घोड्या ॲक्सलखाली द्या, चेसिसखाली नाही. चेसिसवर उचललं की ॲक्सल लोंबकळतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि चांगला क्रॉसही (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) वाजायला लागतो. चाक वर आणि खाली धरून हलवा, हाताने फिरवा, आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्रेकच्या बॅकप्लेटवर टेकवून मूठ कानाला लावा. खराब बेअरिंगमध्ये वाळू भरल्यासारखं ऐकू येतं. दुसऱ्या बाजूशी तुलना केली की शंका राहत नाही. फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये हबमधली दोन टेपर बेअरिंगं नट आवळून जुळवता येतात, म्हणून नुसता प्ले (मोकळी हालचाल) दिसला तर लगेच बेअरिंग बदलू नका, आधी उघडून रोलर बघा. सेमी-फ्लोटिंगमध्ये बेअरिंग हाफ शाफ्टवर प्रेसने बसवलेलं असतं, ते काम प्रेस असलेल्या गॅरेजमध्येच करा. ड्रम उघडलेच तर लायनरची पूड हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

‘टक’ आवाजासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी उलट-सुलट पिळा. नजर क्रॉसवर. शाफ्ट हलतो पण पिनियनचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने बसतो ती चकती) हलत नाही, तर क्रॉसची सुई-बेअरिंगं गेली. क्रॉसच्या कपाच्या तोंडाशी तांबूस पूड आणि हळू वेगात चिमणीसारखी ‘चीं चीं’ ही त्याचीच खूण. फ्लँज फिरतो पण चाक हलत नाही, तर प्ले डिफरन्शियलच्या आत किंवा हाफ शाफ्टच्या खाचांमध्ये. थोडा प्ले तिथे असायलाच हवा, एवढ्यावरून हौसिंग खोलू नका. फ्लँज मात्र वर-खाली किंवा आत-बाहेर हलत असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट सैल आहे, आणि ते काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) कोरडा असला तरी अगदी असाच ‘टक’ येतो. आधी ग्रीस मारून दोन दिवस बघा. शाफ्ट काढण्याआधी योक आणि फ्लँजवर पेंटची खूण करा. एक खाच चुकली तरी पुढच्या दिवसापासून थरथर सुरू होते.

आता डिफरन्शियलचं तेल. भरायचा प्लग आधी उघडा, मग खालचा. उलट केलं आणि वरचा प्लग अडकला तर गाडी तेलाविना उभी राहील. पातळी वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवी. चुंबकी प्लगवर राखाडी चिखलासारखी पूड येणं ठीक. बोटाला टोचणारे तुकडे आले तर मेकॅनिक बरोबर. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पावसाळ्यात ठाण्याला वंदना टॉकीजपाशी किंवा तुर्भ्याच्या बाजूला साचलेल्या पाण्यातून जाता तेव्हा हे घडतं: गरम हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हौसिंगचं हवेचं भोक) चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून जूनच्या आधी ब्रीदर साफ करायचा. पातळी कमी निघाली म्हणून जाड तेल भरून आवाज दाबण्याचा सल्ला मिळेल. त्याने आठवडाभर बरं वाटतं आणि बेअरिंग खात राहतं.

सगळ्या चाचण्या दातांकडेच बोट दाखवत असतील तर खोला. पण खोलणाऱ्याला आधी विचारा, तुझ्याकडे डायल गेज (दातांमधली मोकळीक मोजायचं घड्याळासारखं साधन) आहे का, आणि शेवटी दातांवर निळा रंग लावून उमटलेला ठसा मला दाखवशील का. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, पिनियनचे शिम (पातळ चकत्या) जुळवायचे, प्रीलोडसाठी (बेअरिंगवर आधीच ठेवायच्या दाबासाठी) आवळताना चेपला जाणारा कॉलर असेल तर तो नवाच घालायचा. अंदाजाने, ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणून आवळलेलं नवं क्राऊन-पिनियन जुन्यापेक्षा मोठ्याने गातं. ‘डायल गेज कशाला’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज: खडखडीला शॉकअपचे बुश, घुमण्याला खाल्लेले टायर किंवा एक बेअरिंग, आणि ‘टक’ला कोरडा स्लिप योक किंवा क्रॉस. गाडी न बघता सांगतोय, तेव्हा चाचण्यांचं म्हणणं वेगळं निघालं तर त्यांचंच ऐका.

तोवर गाडी चालवायची का? पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही मागच्या हबजवळ हाताची पाठ न्या, टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेली असेल, रिमच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेलं असेल, शाफ्टच्या आवाजाबरोबर केबिनची लादी थरथरत असेल किंवा यू-बोल्टचा एखादा नट गायब असेल, तर दुसऱ्या दिवशीची भाजी भाड्याच्या गाडीने आणा. यातलं काहीच नसेल तर आठवडाभर चाचण्या करत चालवायला हरकत नाही. टायरचं माप, मॉडेल आणि न्यूट्रलच्या चाचणीत काय झालं ते इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.